चेरमनला कळलेली पिशवी

४ डिसें.
फोन लागला एकदाचा. ऊसतोडीला गेलेली सून शेवंता साखर कारखान्यावरच्या कोपीतून, पाचटाच्या खोपटातून, बोलत होती. एकेकाचं विचारून घेतलं. दिगूची, माझ्या लेकाची, पाठ? बरी. धाकट्याचा खोकला? कमी हाय. बैलाचा खूर? भरला. आन तुझं गं? मग म्हणाली, "आत्या, पोटात लई दुखतंय. मुकादम म्हणतो, पिशवी काढून टाक, दर महिन्याची कटकट जाईल. खाडा पडायचा न्हाई."
बैलाचे दात बघून वय सांगता येत नाही त्या मेल्याला, आन बाईच्या गर्भपिशवीचा निकाल लावतोय! पोरीची अजून तिशी उलटली नाही. डाक्टर कोण? तर मुकादमाच्याच वळखीचा. कुंपणच शेत खातंय. पुढं काही बोलणार तर फोन गेला.

७ डिसें.
टँकर नाही. शाळेचा हौद कोरडा. शाळा चेरमनची, कारखाना चेरमनचा, टँकर चेरमनचा. तहान तेवढी आपली.
नात रेखा, शेवंताची थोरली, नववीला. तिला नव्या शेख बाई आल्यात, नाच आन आरोग्य एकाच तासाला शिकवतात. बाईंना फुगडी येईना, म्हणून मला बोलावणं. हेडमास्तर म्हणाले, "आजीबाई, नाच कुठं न आरोग्य कुठं!" दिवसभर खुर्चीत रुतलेल्या माणसाला दोन्हीतलं काय ठाऊक? (हे मनात. तोंडावर "व्हय सर".)

१२ डिसें.
फुगडी झाली. दोन पोरींचे डोळे पांढरे. बाई नाडी बघत म्हणाल्या, "ही चक्कर फुगडीची नाही, अंगात रक्त नाही." गूळ-शेंगदाणे दिले. स्वतःच्या पगारातले, चेरमनच्या साखरेतलं एक पोतं इकडं वळत नाही.
मग चार पोरींना हात धरून गोल उभं केलं. म्हणाल्या, ही पिशवी. पोटात असते ती मुठीएवढी. सुईण म्हणून एवढी लेकरं काढली मी, वाटायचं ज्वारीच्या पोत्याएवढी असंल. मूठ वळून बघत बसले. एवढ्याशा जिवावर केवढे टपलेत.

१९ डिसें.
गाणं मीच जुळवलं. शाळेच्या गॅदरिंगला पोरी त्यावर नाचणार.
"पिशवी गं पिशवी, मायनं दिली,
दुखली-खुपली म्हणून फेकू न्हाई दिली.
एकानं सांगितलं, ऐकू नको बाई,
दुसऱ्याला दावल्याबिगर टाकू नको बाई."
हेडमास्तरांच्या कपाळाला आठ्या. "पिशवी शब्द काढा. गर्भाशय म्हणा."
मी म्हटलं, "सर, गर्भाशय म्हटलं तर आमच्या बाया समजतील, कारखान्याचं नवीन खातं निघालं."
पोरी खुदकल्या. हेडमास्तरांनी नाचच रद्द केला. मूल ना बाळ आन अंगाई जोरात, तशी त्यांची अब्रूची काळजी. रेखा जेवली नाही. म्हणाली, "आज्जे, आईला कोण सांगणार मग?"

२३ डिसें.
लिहिताना हसू आवरेना.
चेरमन शाळेत आले. माळ, नारळ, हेडमास्तर वाकून वाकून निम्मे. तेवढ्यात मागच्या मैदानात पोरींनी आपलं आपण सुरू केलं, पिशवी गं पिशवी. चेरमन थांबले, मान डोलावली. "व्वा! प्लास्टिकबंदी! घरची पिशवी, फेकू नका! हेडमास्तर, असं पाह्यजे समाजप्रबोधन."
हेडमास्तरांचं तोंड उघडलं ते उघडंच. खरं सांगावं तर चेरमन गाढव ठरतात, न सांगावं तर गाणं चालू राहतं. म्हणाले, "होय साहेब, पर्यावरण."
चेरमननं हुकूम सोडला: हा नाच कारखान्यावर, ऊसतोड्यांसमोर झाला पाहिजे. वर आपला फोटो छापलेल्या कापडी पिशव्या वाटणार! शेख बाई ओढणी तोंडात धरून भिंतीकडं वळल्या. गाढवाच्या पाठीवर का होईना, गंगा निघाली.

३० डिसें.
शेवंताचा फोन, घाईतला. "आत्या, येत्या सोमवारी आपरेशनला नेणारेत. हे काही बोलंनात." हे म्हणजे दिगू. माझ्या पोटचा, पण तोंडात मुकादमाचा गूळ. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या. पोरींचा नाच रविवारी. मधे एक रात्र.
"नाच बघायला ये," म्हटलं. "फडातून सोडतील का, आत्या?" चेरमनचा कार्यक्रम हाय, सोडायलाच लागंल. पहिल्यांदाच त्या माणसाचा उपयोग झाला.

५ जाने., रविवार
सकाळी पोरी जीपनं गेल्या. हेडमास्तरांना नेमका आजच ताप. मला गुडघ्यानं जाऊ दिलं नाही. रेखा म्हणाली, "आज्जे, शेवटच्या फुगडीला मी आईलाच धरून ओढणार. मग सोडतच न्हाई." शेख बाईंनी बीडच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंशी बोलून ठेवलंय. जीपमध्ये एक जागा रिकामी ठेवलीय.
दुपार टळली. फोन कुणाचाच लागेना. त्या माळावर एवढी साखर पिकते, पण रेंज नाही.
म्हणून इथंच लिहिते, शेवंते. पिशव्या वाटतील, त्यातली एक घे, लुगडं भर आन जीपमध्ये बस. दिगूला माझं नाव सांग. मुकादमाला काहीच सांगू नको, त्याची तेवढी लायकी नाही. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड.
निघालीस का गं? लवकर कळव. बोलायला जमलं नाही तर नुसता मिस कॉल दे. फोन पदरात बांधलाय, मी चूल पेटवून बसलेय.