सव्वीस रिंगा

३ तारीख, मंगळवार
काम मिळालं! नव्या शाळेच्या तळमजल्याची सांडपाण्याची सगळी लाइन, आणि पहिल्यांदाच माझ्या नावावर. आजवर मी 'बाबांची सून' म्हणून ओळखली जात होते. अकरा वर्षं सासऱ्यांच्या मागे पान्यांची पिशवी घेऊन हिंडले, काम त्यांच्याकडूनच शिकले. आता त्यांचे गुडघे गेलेत, खड्ड्यात उतरवत नाही.
ठेकेदार म्हणाला, "वहिनी, लाइन वर्गांखालून जातेय. काँक्रीट पडल्यावर गळली तर शाळा उकरावी लागेल. मग ना तुम्हाला काम, ना मला." मी ऐटीत म्हटलं, गळणार नाही. घरी आल्यावर नकाशावरचे जोड दोनदा मोजले. सव्वीस.

४ तारीख, बुधवार
चहावरच वाजलं. पाइपच्या तोंडातल्या खोबणीत रबरी रिंग बसते, दुसरा पाइप तिच्यातून आत ढकलायचा. कोरडा ढकलला तर रिंग दुमडते, म्हणून काहीतरी निसरडं लावायचं. एवढीशी गोष्ट! पण बाबांचं एकच — ग्रीस. "चाळीस वर्षं लावतोय. माझा एक जोड गळला नाही!"
गळला की नाही, हे बघायला जमिनीखाली कोण गेलंय? — हे तोंडावर बोलले नाही अर्थात. इथे लिहिलं, बरं वाटलं.

६ तारीख, शुक्रवार
दुकानदार म्हणतो, ग्रीसने रबर खराब होतं. त्याने पाइपांसाठीचाच मलमाचा डबा दिला, साबणाच्या जातीचा. भांडी घासायचा साबण? "चालेल, पण पातळ. ढकलेपर्यंत वाळून जाईल." गोडं तेल? "ते भज्यांना ठेवा." पुढचं विचारलं नाही.
ऐकायचं कुणाचं? घरी आले, चार वाट्या घेतल्या — ग्रीस, तेल, साबण, मलम. प्रत्येकीत एकेक रिंग बुडवून बाथरूमच्या खिडकीत ठेवली. दाढी करताना नवऱ्याने विचारलं, "यातलं गालाला कुठलं लावू?"

१० तारीख, मंगळवार
साबणातली आणि मलमातली रिंग ठणठणीत. तेलातली किंचित गुबगुबीत. ग्रीसमधली — काही नाही झालं! जशीच्या तशी. बाबांना कळलं तर डोक्यावर बसतील. वाट्या परत खिडकीत. मी मलमच लावणार.

१२ तारीख, गुरुवार
बाबा आज कधी नव्हे ते कामावर आले. खड्ड्याच्या काठाला खुर्ची टाकून बसले. दुपारी मला नकाशावर सही करायला ठेकेदाराच्या ऑफिसात जावं लागलं. परत येऊन पाहते तर काठावर मांडलेल्या पाइपांच्या तोंडात सगळ्या रिंगा बसवून तयार! सव्वीसच्या सव्वीस, एकही तिरकी नाही. "तू घाई करतेस," म्हणाले, फडक्याला हात पुसत.
खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. भांडतात, पण मला एकटीला सोडत नाहीत.

१४ तारीख, शनिवार
सव्वीसही जोड बसले. टोक घासायचं, पुसायचं, मलम लावायचं, ढकलायचं — सर्रकन आत! कंबर मोडली. फार खूश आहे.

१७ तारीख, मंगळवार
लाइनची तोंडं बंद करून कालपासून पाणी भरून ठेवलं होतं. एक थेंब गळला नाही! ठेकेदार म्हणाला, "वहिनी, पुढची इमारतही तुमचीच." बाबा माझ्याकडे बघून हसले. "बघितलंस?" कशाबद्दल म्हणाले, कळलं नाही. विचारायचं राहून गेलं.

१८ तारीख
झोपले नुसती.

२० तारीख, शुक्रवार
वाट्या धुवायला काढल्या आणि बघतच राहिले. ग्रीसमधली रिंग फुगली! नव्या रिंगेवर ठेवली तर चांगली बोटभर बाहेर. हाताला लिबलिबीत, नखाने दाबलं की खड्डा पडतो.
तशीच वाटी घेऊन बाबांच्या खोलीत गेले. "बघा तुमचं ग्रीस!" इतकं तोऱ्यात बोलायला नको होतं. त्यांनी रिंग हातात घेतली, दोन्ही हातांनी ताणली. तुटली. तुकडा नखाने दाबून पाहिला. मग विचारलं, "काँक्रीट कधी?" म्हटलं, उद्या सकाळी.
जेवले नाहीत. नवरा म्हणतो, हरले म्हणून रुसलेत, होईल ठीक. मला वाईट वाटतंय. म्हाताऱ्या माणसाला असं वाटी नाचवत दाखवायचं असतं का!

२१ तारीख, शनिवार
काँक्रीटची गाडी आली तेव्हा बाबा खड्ड्यात पाइपवर बसलेले. त्या गुडघ्यांनी कसे उतरले, कोण जाणे. ठेकेदार, मजूर, सगळ्यांसमोर म्हणाले, "ओतू नका. प्रत्येक रिंगेखाली, खोबणीत, मी ग्रीस भरलंय. वरून दिसत नाही. हिला माहीत नव्हतं."
मी खाली उतरून हात दिला. उठेनात. हळूच म्हणाले, "चाळीस वर्षांचे जोड आता कुठे शोधू? इथले तरी काढता येतील गं."