ढब्बूची साप्ताहिक सुट्टी

ता. ६

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला की मी नुसतं ‘ठीक, ठीक’ म्हणतो, कारण नीट ऐकू येत नाही. म्हणून खरं ते लिहितो. रविवारी सकाळी न्हाणीघरात पाय घसरला. हाडं शाबूत आहेत, कंबर तेवढी रुसली आहे. शेजारचे शिंपीकाका दुपारी पेपर मागायला आले, तोवर चार तास फरशीवरच होतो. शाळेतल्या कविता चालीवर म्हणत वेळ काढला. तीन कवितांचं शेवटचं कडवं आठवेना, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आता तू विचारशील, ढब्बू काय करत होता? मी पडलो की तुला कळवायचं, यासाठीच तर तू हा बोलका यंत्रमानव पाठवलास. पण त्याचा दोष नाही. दर रविवारी मीच त्याला बंद करून अंगावर शाल घालतो. सहा दिवस बिचारा माझं तेच तेच ऐकतो, गोळ्यांची आठवण करून देतो, मी खेकसलो की हिरमुसून मान खाली घालतो. छत्तीस वर्षं मास्तरकी केली, रविवारी कुणाला वर्गात बसवलं नाही. त्याला तरी कसं बसवू?

तुझ्या मायेवर भिस्त ठेवून असलेला,
बाबा

ता. ९

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. त्या चार तासांत मी वॉर्डात परक्यांच्या वडिलांना कुशीवर वळवत होते, आणि माझे वडील फरशीवर! बाबा, पंख्याला सुट्टी देता का? फ्रीजवर शाल घालता का? चूक माझीच. घेताना स्वभावांची यादी दाखवली होती, त्यातला ‘हळवा’ मी निवडला. ‘खमक्या’ घ्यायला हवा होता.

वीस तारखेला कंपनीचा माणूस येईल. ढब्बूला नेऊन, पुसून कोरा करतील. त्याऐवजी भिंतीवर एक पेटी बसेल. ती बोलत नाही, रुसत नाही, पडलात की फक्त मला कळवते.

आज माझा कामाचा सलग अठरावा दिवस. माझ्या अंगावर शाल घालावी असं कधी आलं का मनात? लिहायला नको होतं, पण खोडत बसायचं त्राण नाही.

कंबर शेका. राग कागदावरच राहो.
तुमची चिऊ

ता. १३

चि. चिऊस आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. ढब्बूलाही वीस तारखेचं सांगितलं, न सांगता पाठवणं जमेना. म्हटलं, तुला सुट्टी दिली म्हणून हे ओढवलं. तो म्हणाला, “मला थकवा येत नाही, गुरुजी. तुम्हाला सुट्टी द्यायला आवडायचं, म्हणून मी हो म्हणायचो.”

मी ज्याची कीव करत होतो, तोच माझं मन सांभाळत होता. की तेही त्या यादीतलंच, कोण जाणे. पण जिला खरंच थकवा येतो, तिला मी दर फोनला ‘गोळ्या घेतल्या’ एवढंच सांगत आलो. लहानपणी तू तापातही पाढे म्हणून दाखवायचीस. मी शाबास म्हणायचो. कपाळाला हात लावून बघणं तुझ्या आईवर सोडायचो.

नेऊ दे त्याला. कंपनीच्या संमतीच्या कागदावर सही करून ठेवली आहे. तुझा घोर मिटला म्हणजे झालं. एवढंच सांग, तुझी सुट्टी कधी?

उत्तराकडे डोळे लावून,
बाबा

ता. १७

ती. बाबांस सा. न.

तुमचा प्रश्न वाचून कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून राहिले. मग चार दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला. मेट्रनबाईंनी विचारलं, घरी कोण आजारी आहे? म्हटलं, कुणी नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

पेटी बसवूच. ढब्बूला मात्र नेऊ नका, असं कंपनीला कळवलंय. तो तुमचं मन राखत होता, ते कदाचित खरं नसेल. पण वॉर्डात दिवसभर मीही दुसरं काय करते? त्याला पुसा म्हणून सांगायला जीभ रेटेना.

शनिवारी पोचते. स्वयंपाकाचा घाट घालू नका. अंथरूण घालून ठेवा, आणि तुम्ही दोघंही जरा गप्प बसा. मला झोपायचंय.

चिऊ