जड कामठा

बा, त्या सकाळी मी शेळ्यांच्या लेंड्या झाडून टोपलीत भरत होते, आई जात्यावर मका दळत होती आणि तू चुलीपाशी बसून बांबूची चिरफळी शेकत होतास. धूर डोळ्यांत जात होता तरी तू तोंड फिरवत नव्हतास, कारण बांबू किती तापला हे तू वासावरून ओळखायचास. मला अजून पाणी आणायचं होतं, शेळ्या सोडायच्या होत्या. पण तुझा मोठा कामठा, बांबूचं धनुष्य, दाराला टेकलेला दिसला आणि मी टोपली तिथंच ठेवली. दोरी ओढली तर हलेना. मग मी कामठा वर आभाळाकडे केला, अंगाचा सगळा भार घातला आणि हात खाली आणत आणत दोरी छातीपर्यंत ओढली. मला वाटलं, तू खूश होशील. तू उठून माझ्या हातातून कामठा काढून घेतलास. "वर करून ओढावा लागला म्हणजे तो तुझा नाही," एवढंच म्हणालास. "बसून ओढता आला पाहिजे." मी रडत शेळ्या घेऊन गेले. संध्याकाळी परतले तर तू माझ्या मापाचा एक लहान कामठा करून ठेवला होतास. मी उकिडवी बसून तो ओढते आहे, तू माझ्या कोपराकडे बघतो आहेस, आई म्हणते आहे की पोरीच्या जातीला हे कशाला, आणि तू माझं कोपर हाताने सरळ करतो आहेस.

आपण घरी पावरीत बोलायचो. तुझं बोलणं मी मराठीत लिहिते आहे, कारण लिहायला मला ही एकच भाषा येते, तीही पोराच्या शाळेच्या पुस्तकांवरून मोठ्या वयात शिकलेली. तू गेलास तेव्हा मला माझं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं. आता मी हाताला लागेल ते वाचते. धडगावच्या बाजारातून आलेल्या पुड्यांचे कागदसुद्धा. पाड्यावरच्या बायका मला चिडवून मास्तरीण म्हणतात. मला राग यायला हवा, पण बा, मला ते आवडतं. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

तुझा जावई दोन वर्षांपूर्वी गेला. मक्याची राखण करायला गेला होता. रानडुकराने त्याची मांडी फाडली. बांबूला गोधडी बांधून लोकांनी त्याला सडकेपर्यंत उतरवलं, तिथून जीपमध्ये घातलं, मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. घाटातच तो गेला. जीपवाल्याने गाडी थांबवून विचारलं, पुढे जायचं की मागे फिरायचं. अजूनही कधी कधी भाकरी थापताना मला तो प्रश्न ऐकू येतो. पोरगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता, तो काम सोडून घरी आला तो इथंच राहिला. मचाण बांधलं, डबे वाजवले, फटाके फोडले. डुकरं यायचीच. मग एक दिवस त्याने मला मोबाइलवर दाखवलं, परदेशातली माणसं कसल्या धनुष्याने डुक्कर मारतात ते. म्हणाला, आई, तू वाच आणि सांग कोणतं घ्यायचं.

शिकारीला बंदी आहे हे मला माहीत होतं. तेही मी वाचलेलं होतं. तरी मी नाही म्हणाले नाही.

ते धनुष्य वेगळंच असतं बा. दोन्ही टोकांना चाकं असतात, चाकांवरून दोऱ्या गेलेल्या असतात. ओढताना आधी पूर्ण जोर लागतो, मग चाक फिरलं की भार एकदम उतरतो आणि माणूस दोरी ओढून तसाच थांबू शकतो. तुझ्या कामठ्यात तसं नव्हतं. तू ओढलंस की सोडायचास. विचार ओढायच्या आधी झालेला असायचा. मी हे सगळं हिंदीतून वाचलं, अक्षरं तीच असतात, अडलं तिथं पुन्हा वाचलं. डुकराची खांद्यावरची कातडी जाड असते, त्याला जास्त पौंडांचं, म्हणजे ओढायला जड धनुष्य लागतं, असं तिथं लिहिलं होतं. मला ते पाठ झालं. भांडी घासताना मी पौंड आणि लांबी मनात म्हणायचे. नवरा गेल्यापासून मन लागलं असं ते पहिलंच काम होतं, आणि ते एक जनावर मारायचं काम होतं.

दोन शेळ्या विकल्या आणि आम्ही सुरतेला गेलो, नवापूरवरून जाणाऱ्या गाडीने. खेळाच्या सामानाच्या दुकानात म्हातारा मालक होता. पोराने सांगितलं, स्पर्धेसाठी पाहिजे. मालकाने दोन धनुष्यं काढली, एक पन्नास पौंडांचं आणि एक सत्तरचं. सोबतचा हिंदीतला कागद मी हातात घेतला आणि मोठ्याने वाचायला लागले. मालकाचा नोकर काम टाकून माझ्याकडे बघत राहिला. लुगड्यातली बाई वाचते आहे याचं त्याला नवल वाटलं असावं. मला ते समजलं आणि मी आणखी मोठ्याने वाचलं.

मालकाने प्लास्टिकचं स्टूल पुढे सरकवलं आणि पोराला बसून ओढायला सांगितलं. हलकं त्याने सहज ओढलं. जड घेतलं तेव्हा त्याचे दोन्ही हात वर गेले, बाण लावलेला असता तर छताला लागला असता. मालक हसला. "पंखे को मारना है क्या, भाई?" मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "बेन, ये भारी पडेगा. हलका लो." पोराने जड धनुष्य खाली ठेवलं. त्याचे कान लाल झाले होते. म्हणाला, हलकंच घेऊ या.

बा, मला त्या क्षणी तू आठवलास. विसरले असते तर आज एवढी लाज वाटली नसती. स्टूल बघितलं तेव्हाच मला आपली चूल आठवली, माझ्या हातातून ओढून घेतलेला कामठा आठवला. पण माझ्या हातात छापलेला कागद होता, आणि घाटातली ती जीप डोळ्यांपुढे होती. मी म्हणाले, "हलक्याने ते मरायचं नाही."

मालकाने मान वर केली. "क्या नहीं मरेगा?"

पोरगा घाईने म्हणाला, "रेकॉर्ड, सेठ. रेकॉर्ड नहीं टूटेगा, बोलती है."

मालकाने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि जड धनुष्य खोक्यात घातलं. परतीच्या गाडीत पोरगा मला हसून दाखवत होता. मीही हसले. त्याने मला एका शब्दानेही विचारलं नाही, आई, असं का केलंस. माझं वाचन बरोबर असणार असं तो धरून चालला होता.

तो रोज सराव करायचा. पोत्यात भुस्सा भरून झाडाला टांगायचा. रोज हात आधी वर, मग खाली. मी दारातून बघायचे. म्हणायचे, सवय होईल.

काल दिवस मावळताना आम्ही दोघं मचाणावर होतो. डुक्कर नाल्याकडून आलं, एकटंच, जवळ आलं. पोराने धनुष्य उचललं आणि आभाळाकडे केलं. एवढी हालचाल बघून जनावराने मान वर केली. दोरी ओढून थांबता येतं, विचार करता येतो, यासाठी तर ते धनुष्य घेतलं होतं. पण ओढण्यातच त्याचा सगळा जोर संपला होता, त्याच्याने थांबवलं नाही. बाण मागच्या बाजूला, पोटात गेला. ते ओरडलं, आणि वळलं तेव्हा मला दिसलं की ती मादी होती. तुझ्या जावयाला मारणारा सुळेवाला नर होता. आम्ही रक्तामागे नाल्याच्या कडेपर्यंत गेलो. खाली करवंदीच्या जाळीतून तिचा श्वास ऐकू येत होता. अंधार पडला आणि आम्ही परत फिरलो.

घरी पोरगा जेवला नाही. सध्या मोह पडतो आहे, आणि नाल्याच्या दोन्ही काठांना मोहाची झाडं आहेत. उजाडायच्या आत पाड्यावरच्या सगळ्या बायका टोपल्या घेऊन तिथंच जातात. हे त्यालाही माहीत होतं, आणि जखमी डुक्कर माणसावर धावतं हेही. तो म्हणाला, "तू सांगितलंस तर जंगलखात्याचे लोक मला घेऊन जातील. मग तू एकटी इथं काय करशील?" खोटं नव्हतं ते. मी त्याच्यासाठी वाढलेलं पान झाकून ठेवलं.

मग मला तुझं ते फिरणं आठवलं. बाण वाकडा लागून जनावर जखमी निसटलं की तू आधी त्याच्या मागे जायचा नाहीस. कामठ्याची दोरी उतरवून तो हातात घ्यायचास आणि घरोघर जायचास, कोणत्या नाल्यात आहे आणि बाण माझाच आहे, असं सांगायला. एकदा मला बरोबर नेलं होतंस. म्हाताऱ्या तुला सोडायच्या नाहीत. एक म्हणाली, डोळ्यात फूल पडलं की काय रे तुझ्या. दुसरी म्हणाली, बाण होता की दात कोरायची काडी? तू खाली बघून ऐकून घेतलंस. मला इतकी लाज वाटली की वाटेत मी विचारलं, तुझं नाव कशाला सांगतोस, नुसतं डुक्कर आहे म्हण. तू म्हणालास, "नुसतं डुक्कर म्हटलं तर लोक काठी घेऊन जातात. माझ्या बाणाने जखमी आहे म्हटलं तर थांबतात." तेव्हा मला तो तुझा साधेपणा वाटला होता. शिकारीला बंदी तुझ्या वेळीही होती, हे मला पुष्कळ पुढे वाचून कळलं.

हा कागद कुठं पाठवायचा नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी तुला तो वाचून दाखवावा असं यात काही नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज, कोंबडा आरवायच्या आधी मी पोराला न उठवता निघाले. पहिल्या घरची म्हातारी टोपलीला चुंबळ शोधत होती. मी म्हणाले, नाल्यात बिबट्या दिसला, आज जाऊ नका. ती हसली. "बिबट्या काय पाहुणा आहे? आमचा कुत्रा त्यानेच नेला." तिने टोपली डोक्यावर ठेवली आणि सुनेला हाक मारली. मी तिचा हात धरला. सांगितलं की डुक्कर आहे, मादी आहे, पोटात बाण आहे, बाण माझ्या पोराचा आहे आणि त्याला न झेपणारं धनुष्य मी निवडलं. तिने टोपली खाली ठेवली. माझ्या हातातून हात सोडवला आणि म्हणाली, "मास्तरीण."

मग मी पुढच्या घरी गेले, आणि शेवटच्या घरापर्यंत गेले. घरी येऊन पोराला उठवून सांगितलं, कुणाकुणाला सांगून आले ते. पहिल्या दारात मी आधी बिबट्या म्हणाले होते, तेवढं सांगितलं नाही.