देव बुडवल्याचं गाणं

प्रिय श्रीप्या,

तुला पत्र कधी लिहिलं नाही. गाणी लिहून दिली, आणि त्यातल्याच एकानं सगळा घोटाळा केला. काल तुझं वर्षश्राद्ध झालं. पंगत उठल्यावर अण्णांनी मला जिन्यात गाठलं. "दत्ता, तुझ्याकडं असंल ते गाणं. मला ऐकव एकदा. शब्दांकडं लक्ष देणार नाही मी. पोराचा आवाज तेवढा ऐकीन."

"शोधतो अण्णा," म्हणालो. गाणं माझ्या खिशातल्या फोनमध्येच होतं.

आपला बँड कुठं सुरू झाला, आठवतं? बायपासच्या त्या नव्या अपार्टमेंटखाली. सात मजले उभे राहिले, पण नळाला पाणी नाही, म्हणून जमिनीखालचा हौद कोरडाठाक. तू शिडीनं आत उतरलास, एक स्वर लावलास आणि वर तोंड करून म्हणालास, "ड्रम आण खाली." तेव्हापासून आपण 'कोरडा हौद'. टँकर आला की सामान उचलून पळायचं. एवढा खर्ज याच्यात आला कुठून, असं लोक विचारायचे. अण्णांच्या शेजारी बसून रोज सकाळी रुद्र म्हणत तयार झालेला गळा होता तो. पण हे चारचौघांत कबूल करशील तर तू कसला रॉकस्टार?

त्या उन्हाळ्यात छावणीजवळच्या एका देवळात अण्णांना बोलावणं आलं. पाऊस पडावा म्हणून महादेव पाण्यात बुडवायचा होता. मीच त्यांना गाडीवर सोडायला गेलो होतो. पिंड दिसेनाशी होईपर्यंत गाभाऱ्यात घागरी ओतल्या, आणि बाहेर बाया रिकामे हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी शेंद्र्याच्या एमआयडीसीत कामावर जाताना बसमध्ये लिहून काढलं:

बाप माझा देव बुडवतो,
माझी घागर कोरडी.

माझा बाप तर सिल्लोडला मका विकत होता. हा बाप तुझा होता, कारण गाणार तू होतास.

तू कागद दोनदा वाचलास. "बाप नको यात. पुजारी कर," म्हणालास. मी म्हणालो, "पुजारी केला की धार जाते." धार! अजून तो शब्द कुठं ऐकला की मला माझीच लाज वाटते.

गाणं गाजलं. गॅदरिंगला पोरं दुसऱ्या ओळीपासून आपल्याबरोबर गायची, पुण्याच्या स्पर्धेत नंबर आला, मग रेकॉर्डिंग झालं. त्याच्यावर नावं टाकायची वेळ आली तेव्हा मी शेपूट घातली. कॉलेजची तीन वर्षं दर रविवारी अण्णांच्या घरी जेवलेला मी. खाल्ल्या घरचे वासे मोजले, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार होतो? तू हसलास. "गाणारा मी, तर बोलणारा पण मीच." आणि 'शब्द : श्रीपाद' असं छापून आलं.

कुणीतरी ते अण्णांना वाचून दाखवलं. ते चिडले असते, दोन ठेवून दिल्या असत्या, तरी चाललं असतं. ते तुझ्याशी बोलायचेच थांबले. तू घर सोडून पुण्याला गेलास आणि हॉटेलांत जेवणाऱ्यांच्या फर्माइशी गायला लागलास. ड्रमर शेंद्र्याच्या कंपनीत पक्का झाला, बँड संपला. इतक्या वर्षांत फोनवर एकदा तरी म्हणायचं होतंस, "दत्त्या, सांग त्यांना." का नाही म्हणालास? तुझ्या त्या मोठेपणाचा मला अजून राग येतो. तुला मोठं होऊ दिलं की मला लहान राहता येत होतं, हेही खरंच.

मग ती कावीळ. तुला इकडं आणलं तेव्हा तू शुद्धीत नव्हतास. दवाखान्यातल्या बाकावर अण्णा माझ्या शेजारी बसले होते. म्हणाले, "लोक पाणी मागायला आले होते रे. मला दुसरं काय येत होतं? एवढं त्याला कळू नये?"

तेव्हा सांगता आलं असतं. तू भिंतीपलीकडं होतास, श्वास चालू होता. ते उठून आत गेले असते, तुझ्या कपाळावर हात ठेवला असता. मी त्यांच्यासाठी चहा आणायला गेलो. परत आलो तर ते तिथंच बसलेले.

येत्या रविवारी मी जाणार आहे, जेवायच्या वेळेला, पूर्वीसारखा. गाणं नेणार आहे, अख्खं. पण आधी सांगीन आणि मगच लावीन. नाहीतर तुझा आवाज ऐकता ऐकता ते तुला माफ करत बसतील, आणि मी समोर बसून ते होऊ देईन. मला माझा भरवसा नाही, म्हणून हे लिहून ठेवलं. जीभ अडलीच तर हाच कागद त्यांच्या हातात देईन. या वेळी खाली नाव टाकतोय.

तुझा,
शब्द : दत्ता