दोन क्लोरीन, एक डबा

बाबा, काल भर दुपारी आमच्या कॅसल हिलच्या घरामागे स्फोट झाला आणि मला तुमचा हात आठवला.

स्विमिंग पूलच्या क्लोरीनचे दोन अर्धे डबे उरले होते, निराळ्या कंपन्यांचे. एकात दाणे, दुसऱ्यात गोळ्या. अर्धे डबे आपल्या घरात कुणाला बघवतात? तुमच्या जावयाने, आई पिठं एकत्र करायची तसं, सगळं एकाच डब्यात ओतलं. गोळ्या मावेनात म्हणून ठेचल्या. "अगं, दोन्ही क्लोरीनच ना!" जिन्नस निराळे, त्यात बारीक पूड, वर हे ऊन. खडीसाखर आणि पिठीसाखर पाण्यात टाकून तुम्ही वर्गात दाखवायचात. बारीक केलं की वेग वाढतो, तापवलं की आणखी वाढतो. मी मागच्या दारात आले तेव्हा तुमची नात ओला स्कूप त्या डब्यात खुपसत होती. पाणी लागताच डबा फसफसू लागला. मी तिचे केस धरून तिला मागे खेचलं, गवतावर आपटलं आणि डबा फुटला. झाकण कुंपणापलीकडे गेलं. त्या धुराने घसा सोलून निघाला. मी तिला फरफटत घरापुढे आणलं. तिथे ती उभी होती, धडधाकट. "यू हर्ट मी, मम! आर यू क्रेझी?" आणि मी तिच्या कानाखाली वाजवली. ओठातून रक्त आलं.

अकरावीत, तुमच्याच प्रयोगशाळेत, मी ॲसिडमध्ये पाणी ओतायला निघाले होते. सगळ्या वर्गासमोर तुम्ही असं मारलंत की मी टेबलावर आदळले. कितीतरी दिवस कान वाजत होता. आई म्हणायची, "डोळे वाचवले त्यांनी तुझे, राग कसला धरतेस?" मीही सगळ्यांना तेच सांगत आले. काल मात्र स्पष्ट आठवलं. थप्पड बसली तेव्हा पाण्याचं बीकर तुमच्या हातात होतं. तुम्ही ते आधीच काढून घेतलं होतं. तुम्ही घाबरला होतात, हे मला आता कळतं. तरीही मला तुमचा संताप येतो, आणि माझाही.

कालपासून पोरीच्या खोलीचं दार बंद आहे. मला आत जाऊन तिची माफी मागायची आहे. ते सोडून मी इथे तुम्हाला पत्र लिहीत बसले आहे, जे पाठवायला पत्ताच नाही. खरं सांगू? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आधी तुम्ही माझी माफी मागाल म्हणून मी थांबले आहे.