भ्यालेल्या म्हशीचा कान

बाबा, जनावराचा ताप बघायचं काम तुम्ही हाताच्या मागच्या बाजूने करायचात, ते आता मी कॅमेऱ्याने करते. उंदराच्या मिशीला ब्रश हलकेच टेकवायचा. मेंदूच्या ज्या भागाला तो स्पर्श कळतो तिथे रक्त धावतं, आणि केस काढलेल्या डोक्यावर तेवढीच जागा किंचित तापते. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती उजळलेली दिसते. कवटीला धक्का न लावता आतलं काम दिसतं, याचं मला अजून नवल वाटतं. तुम्ही म्हणाला असतात, उंदरालाही सोडत नाही ही पोर.

खाडीकडचा आपला गोठा आठवतो. मी बारावीत, अंगापेक्षा शहाणपण जास्त. म्हैस वैरणीला तोंड लावत नाहीये. मी धावत जाऊन तिचा कान पकडते आणि जाहीर करते, "थंड आहे, ताप नाही." तुम्ही माझा हात बाजूला करता. "कोनी सांगितला धावत जायाला? भ्यालेल्या जनावराचा कान खरा सांगत नाय. आधी बस तिच्याजवल." आपण दोघं शेणातच बसतो, मी तोंड फुगवून. बऱ्याच वेळाने तुम्ही हात लावता, मग माझाही लावता. कान चांगलाच तापलेला.

यंदा माझं दोन वर्षांचं काम पूर्ण होत आलं होतं. माझे मार्गदर्शक सर खूश, लेख लिहायला घेतलेला. फक्त एक खटकत होतं. डाव्या मिशीला स्पर्श केला की डोक्याची उजवी बाजू तापायला हवी, आमच्याकडे दोन्ही तापत होत्या. सर म्हणाले, "कॅमेऱ्याची गडबड असेल, सोड." मला गोठा आठवला. दुसऱ्या दिवशी मी ब्रश नुसता जवळ नेला, टेकवलाच नाही. डोकं तरीही तापलं. दोन वर्षं मी भीती मोजत होते, बाबा. तिथेच रडू आलं. मग कितीतरी दिवस काहीही न करता उंदरांजवळ नुसती बसले, माझ्या हाताची सवय होईपर्यंत. आता एकच बाजू तापते, उजवी. तुमच्याएवढी नजर कुठल्या कॅमेऱ्याला नाही.

प्रयोगशाळेच्या बैठकीत सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे सुचलं कुठून तुला?" समोर परदेशात शिकून आलेली माणसं बसलेली. मी म्हणाले, "वाचलं होतं कुठेतरी, सर."

तुम्हाला सहीपुरतंच लिहिता यायचं. आपल्या फुलपाड्याच्या घरी बसून हे लिहिलं, पण ठेवणार कुठे आणि पाठवणार कुठे? तुम्ही असतात तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते बैठकीचं मी गाळलं असतं.