आईचा ताड

रविवार, संध्याकाळ. तलासरी.

दादाशी भांडले. बरं केलं.

मुलीच्या लग्नासाठी त्याने ओटीवरची भिंत रंगवून घेतली आणि तिच्यावर चित्रं काढायला डहाणूहून पेंटर ठरवला. जन्मभर गावातल्या लग्नघरांच्या भिंती आईने वारली चित्रांनी लिहिल्या, आणि तिच्याच घरात पेंटर! का, तर लकव्यानंतर तिचा हात थरथरतो.

दुपारी मी तांदूळ वाटले, पाण्यात कालवले आणि बांबूची काडी आईच्या हातात दिली. तिला जमेल का? विचारच केला नाही. तिने ताडाचं झाड काढलं. खोड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत थरथरत गेलं.

तेवढ्यात दादा आला. "भिंत खराब केली! पाहुणे हसतील."

आई शांतपणे म्हणाली, "वाऱ्यात ताड कधी सरळ उभा राहतो का रे?"

तो म्हणाला, उद्या पुसून घेतो.

"पुसलंस तर लग्नात माझी वाट बघू नकोस. आणि पेंटरला आजच नाही म्हणून कळव." आवाज चढला माझा. चढू दे. दादा पाय आपटत निघून गेला, पण थोड्या वेळाने बाहेरून त्याचा फोनवरचा आवाज आला. पेंटरला नको येऊस म्हणत होता.

नोकरी लागल्यापासून मी काडी धरली नव्हती. आज आईच्या ताडाशेजारी माझा काढला. सरळसोट, पट्टीने आखल्यासारखा. तिच्या त्या थरथरत्या खोडात वारा होता. माझ्यात काहीच नव्हतं.

"पुसू का गं?" मी विचारलं.

"राहू दे," आई म्हणाली. "दुसरा काढ. भिंत बरीच आहे अजून."